मे महिन्यातला हीटर

फारुक,

दर्शनच्या मिरजोळ्यातल्या गॅरेजपुढे हल्ली गाड्या कमी असतात. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तू फोनवर विचारत नाहीस, आणि न विचारता तुला राहवतही नाही हे आवाजावरून कळतं. काल मिरजोळ्याला काम होतं, येताना मुद्दाम त्या रस्त्याने आले. दोन रिक्षा आणि एक टेंपो, बस. तो स्वतः खुर्ची टाकून पेपर तोंडापुढे धरून बसला होता. मी हॉर्न वाजवला.

तुला हे आवडणार नाही. केळशीला गेल्यापासून तू फार मऊ झाला आहेस. समुद्राच्या वाऱ्याने माणसाचं असं होत असेल तर मी तिकडे येणार नाही. तू सांगितलेल्या कामाचं शेवटी लिहीन. त्याआधी सगळी हकीकत पहिल्यापासून लिहून काढते. तुला ती पाठ आहे, पण हे पत्र मी इतरांनाही वाचायला देणार आहे. ज्यांनी ज्यांनी तुझ्या नावाने हसून घेतलं, त्यांच्या हातात ते पडलं पाहिजे.

तुझे वडील केळशीचे तांडेल, मासेमारीची बोट हाकणारे. तुझं पहिलं इंजिन बोटीचं. बोटीचं इंजिन समुद्राच्याच पाण्यावर थंड होतं आणि ते पाणी बाजूच्या नळीतून सारखं बाहेर पडत असतं. वडील तुला त्या धारेवर नजर ठेवायला सांगत. धार बारीक झाली की ओरडायचं, म्हणजे इंजिन तापतंय. "काकी, मी अक्षरं वाचायच्या आधी पाणी वाचायला शिकलो," असं तू मला किमान शंभरदा ऐकवलंस. त्यात बढाई होतीच. तू बढाईखोर आहेस. अत्तर लावून गाडीखाली शिरणारा मेकॅनिक मी दुसरा पाहिलेला नाही.

मग मस्कत. तिथल्या उन्हात गाड्यांची इंजिनं थंड ठेवण्यात तुझी उमेदीची वर्षं गेली. तुझ्या बायकोने, इशरतने, एकदा फोनवर सांगितलं, "आता ये, नायतर मी तिकडं येते आणि तुझ्या त्या उंटांत राहते," तेव्हा तू परत आलास आणि दर्शनच्या गॅरेजमध्ये कामाला लागलास. दोन शेड, बाहेर झाडाच्या सावलीत बाकडं, आणि गिऱ्हाइकांना चहा पाजून गप्पांत गुंगवणारा मालक. दर्शनची जीभ पान्यापेक्षा जास्त चालायची.

तिथेच आपली ओळख झाली. माझ्या गाडीत ऐन मे महिन्यात पायांवर गरम हवा येत होती. बटण बंद केलं तरी थांबेना. मी घामाघूम होऊन तिथे पोचले, तर दर्शन म्हणाला, "काकी, काय नाय त्यात. हीटरचे दोन पाइप एकमेकांना जोडून टाकतो. पाणी आत जाणारच नाही. रत्नागिरीत हीटर म्हणजे कोंबडीला स्वेटर."

बाकड्यावरचे सगळे हसले. मीही हसले असते, पण बाजूच्या जीपखालून आवाज आला.

"जोडू नका, काकी. आतला पडदा अडकलाय फक्त."

तू बाहेर आलास, माझ्या पायाशी डोकं घालून डॅशबोर्डखाली हात घातलास. गरम हवेची वाट बंद करणाऱ्या पडद्याची तार खोबणीतून निसटली होती, ती बसवलीस. गरम हवा थांबली. आणि मग गप्प बसावं की नाही? पण तू नाही बसलास. सगळ्यांच्या देखत मला म्हणालास, "हीटर थंडीसाठी नसतो, काकी. घाटात इंजिन तापून काटा चढला की हीटर पूर्ण उघडायचा. इंजिनाची धग तुमच्या अंगावर येते. तुमी भाजता, इंजिन वाचतां. ज्याला ह्ये ठावं नाय तो पाइप जोडतो."

दर्शनचं हसू तिथेच अर्धं राहिलं. मी पाहिलं ते. तूही पाहिलंस आणि तुला बरं वाटलं, नाही म्हणू नकोस.

आपल्याकडच्या गॅरेजांची ही रीतच आहे, परगावच्या वाचकांसाठी सांगते. हीटर लागत नाही, म्हणून पाइप जोडून तो बाद करायचा. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाचं एक झाकण असतं, पाणी तापलं की उघडणारं आणि निवलं की मिटणारं. थंडी नाही तर झाकण कशाला, म्हणून तेही काढून फेकायचं. काही इंजिनांत ते झाकण नसलं की गरम पाणी रेडिएटरकडे जायच्या ऐवजी जवळच्या वाटेने परत इंजिनातच शिरतं, हे कुणी बघत नाही. आणि कूलंटऐवजी विहिरीचं पाणी ओतायचं. आपलं पाणी जांभ्यातून झिरपलेलं, तांबडं. सपाट रस्त्यावर चालून जातं सगळं. घाट लागला की कळतं.

माझी नणंद विमला संगमेश्वरला असते. तिला एखादी गोष्ट सांगितली की तालुक्यात दवंडी पिटावी लागत नाही. तिची गाडी दर्शनकडे सर्व्हिसिंगला आली, त्या आठवड्यात तू मावसभावाच्या लग्नाला केळशीला होतास. गाडी घेऊन विमला कोल्हापूरला निघाली आणि आंबा घाटात इंजिन उकळलं. इंजिनाचा वरचा भाग, ज्याला हेड म्हणतात, तो वाकला. गाडी ओढून परत आणावी लागली.

तू लग्नाहून आलास तो त्याच वेळी. बाकडं भरलेलं होतं. विमला मध्ये उभी, हातात पर्स गदेसारखी धरलेली. दर्शन शांतपणे म्हणाला, "विमलाताई, मी काय बोलू. ह्याने पाइपची क्लिप ढिली ठेवली."

"मी हातसुद्धा लावला नाय या गाडीला," तू म्हणालास. "मी हितं नव्हतोच."

"जायच्या आधी लावलास ना? मग क्लिप काय भुताने सोडवली?"

पुन्हा सगळे हसले. बाकड्यावरच्यांना खरं-खोटं नको असतं, हसायला हवं असतं. आणि विमलाने तुझं बारसं केलं. "उकड्या आहे मेला," म्हणाली. "माझं इंजिन उकडून ठेवलंन."

उकडा तांदूळ खाणारं आपलं गाव. नाव जिभेवर बसायला वेळ लागला नाही. आठवडाभरात तू सगळ्यांचा उकड्या फारुक झालास. मासे घ्यायला गेलास तरी उकड्या. इशरत दुकानात गेली तर उकड्याची बायको. ज्या मेकॅनिकच्या नावातच उकळलेलं इंजिन आहे, त्याच्याकडे गाडी कोण देणार? तू दर्शनचं काम सोडलंस, घराशेजारी पत्रे टाकलेस, आणि त्या पत्र्यांखाली माझ्या गाडीशिवाय दुसरं काही उभं राहीना. पोट बंदरावर जाऊन बोटींचे पंप दुरुस्त करण्यावर चाललं होतं.

मस्कतहून तुझ्या जुन्या मुकादमाचा फोन आला, जागा आहे, ये. केळशीहून वडील म्हणत होते, इकडे ये, घर आहे, बोटी आहेत. तू दोघांनाही नाही म्हणालास.

"आता गेलो तर पळालो म्हणतील, काकी. नाव उतरवल्याशिवाय मी हलत नाय."

"आणि उतरवणार कसं?" मी विचारलं.

 तू एक कोंबडा पाळलास आणि त्याचं नाव दर्शन ठेवलंस. रोज सकाळी दाणे टाकताना त्याला शिव्या द्यायचास. इशरत म्हणाली, "नाव दिलंस तर आता खाता यायचा नाय." तू म्हणालास, "बग तर." आणि खरंच, ईदच्या नंतर एकदा मी आले तर त्याच कोंबड्याची सागुती तयार. तंगडी तू स्वतः घेतलीस आणि इतक्या चवीने खाल्लीस की इशरतने कपाळावर हात मारला.

"कोंबडा खाऊन काय होणार, माणूस धर," मी म्हटलं. आणि त्याच दिवशी मी तुला ती गोष्ट सांगितली, जी विमला मला नुकतीच सांगून गेली होती. तिच्या गाडीचं इंजिन दर्शनने पुन्हा बांधलं होतं, आणि गाडी देताना तिला म्हणाला होता, "ताई, एकूण एक बोल्ट मी माझ्या हाताने आवळलाय. त्या उकड्याचा श्वाससुद्धा लागू दिला नाही."

तू तंगडीचं हाड ताटात टाकलंस. मग म्हणालास, "काकी, ह्ये त्यांना इसरू देऊ नका."

"म्हणजे?"

"दर्शन तो दर्शन. हेड नवीन घालेल, पण पाइप जोडणारच. झाकण काढणारच. पाणी विहिरीचंच. आज ना उद्या ती गाडी घाटात परत उकळणार. तेव्हा बोल्ट कुणी आवळले तां ताईंच्या तोंडात असायला हवां."

म्हणून फारुक, दोन वर्षं मी विमलाला ते वाक्य पुन्हा पुन्हा बोलायला लावलं. लग्नात भेटली की विचारायचं, "काय गं, गाडी कशी आहे? दर्शनने स्वतः केलीन ना?" की ती सुरू. एकूण एक बोल्ट. श्वाससुद्धा नाही. ऐकणारे नवे, वाक्य तेच. तिला वाटायचं वहिनीला किती कौतुक.

तिला सावध करावं असं मला एकदाही वाटलं नाही. गाडी तिची होती, पण बारसंही तिनेच केलं होतं.

मे महिन्यात तिचा फोन आला. अंबाबाईला निघाली होती. घाट चढायचा म्हणून खास दर्शनला बोलावून गाडी चालवायला बसवलं होतं, देव बरोबर घेऊन निघावं तसं. साखरपा सोडून पहिल्याच वळणांवर बॉनेटमधून वाफ.

"वहिनी, कुणीतरी मेकॅनिक पाठवा. दर्शनना काही सुचत नाहीये."

मी तुझ्याकडे आले तेव्हा तू बंदरावरून नुकता आला होतास, अंगाला मासळीचा वास. मी एवढंच म्हटलं, "उकळली." तू आत गेलास, अंघोळ केलीस, इस्त्रीचा शर्ट घातलास, अत्तर लावलंस. मी गाडीत बसून होते आणि पहिल्यांदाच तुला घाई केली नाही. तू डिकीत पाइप, क्लिपा, स्वच्छ पाण्याचे कॅन टाकलेस. नाणीजला मी मुद्दाम चहाला थांबवलं.

"काकी, ते उन्हात असतील," तू म्हणालास.

"असू देत. आणखी एक घे."

पोचलो तर दर्शनचा शर्ट पाठीला चिकटलेला, आणि विमला छत्रीखाली रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेली. तुला पाहून ती उठली.

"वहिनी, मेकॅनिक म्हटलं होतं मी. ह्याला काय आणलंत?"

"दुसरा कोणी या उन्हात यायला तयार नव्हता," मी सांगितलं. दुसऱ्या कुणाला मी विचारलंच नव्हतं.

तू म्हणालास, "सलाम, दर्शनशेठ. काय, उकडतंय?"

"फॅनचा प्रॉब्लेम आहे," दर्शन म्हणाला. "मी बघतोय. तुझी गरज नाही."

"फॅन तर तुमच्या कानाशी बोंबलतोय, शेठ."

तो बोंबलतच होता. दर्शनने मग फडकं घेतलं आणि रेडिएटरचं झाकण उघडायला गेला. तू त्याचं मनगट धरलंस. "तोंड भाजून घ्यायचं असेल तर उघडा."

"उघडू दे की," मी म्हटलं. मला ते मनापासून वाटलं होतं.

इंजिन निवेपर्यंत तू मैलाच्या दगडावर पाय ठेवून शीळ घालत उभा राहिलास. मग दर्शनकडे ढुंकूनही न बघता विमलाला हाक मारलीस. "ताई, तुमी या. हात लावा हितं, वरच्या पाइपला. आता खालच्या."

"वरचा अजून गरम आहे. खालचा कोमट," विमला म्हणाली.

"रेडिएटर तुंबलाय. बगा आता." तू खालचा पाइप सोडलास आणि रस्त्यावर तांबडं पाणी वाहिलं, पहिल्या पावसात डोंगरावरून उतरणाऱ्या पऱ्ह्यासारखं.

"अगो बाई, हे आमच्या विहिरीचं," विमला म्हणाली. "दर्शनच म्हणाले ना, पाणी ते पाणी, विहिरीचं चालतं."

"हीटर लावला होता का घाटात?"

दर्शन म्हणाला, "हीटर नाहीये."

"नाहीये म्हणजे?" विमला त्याच्याकडे वळली. "बटण आहे की. मी बघते रोज."

"बटण हाय, ताई. पुढं काय नाय." तू तिला बॉनेटखाली बोट दाखवलंस. दोन पाइप, मध्ये एक तुकडा, दोन्ही बाजूंना क्लिपा. मग तू थर्मोस्टॅटचं घर उघडलंस. आत पोकळ. तू बोट घालून फिरवलंस आणि बोट तिच्यापुढे धरलंस. "झाकण काढून टाकलंय. ह्या इंजिनाला ते नसलं की निम्मं पाणी रेडिएटरकडे फिरकतच नाय. शेठ, कुणी केलां ह्ये?"

दर्शन म्हणाला, "आधीपासून असेल. तूच केलं असशील, तेव्हा."

  आपण दोघं विमलाकडे बघत राहिलो. दोन वर्षं पेरलेलं उगवतं का बघत.

"पण तुम्ही तर म्हणालात," विमला सावकाश म्हणाली, "एकूण एक बोल्ट तुम्ही आवळलात. ह्याचा श्वाससुद्धा लागू दिला नाहीत."

"तसं नव्हे, ताई..."

"मग कसं? मी आख्ख्या तालुक्याला सांगितलंय." आणि मग, कारण माझी नणंद तोंडाळ असली तरी मूर्ख नाही, "म्हणजे तेव्हाही तुम्हीच. तेव्हाही पाइप असेच असणार. हा लग्नाला होता म्हणत होता, खरंच होता."

दर्शनने खिशातून रुमाल काढला आणि नुसता धरून उभा राहिला.

तुला तिथेच थांबता आलं असतं. पण मला माहीत होतं, तू अत्तर एवढ्यासाठी लावलेलं नव्हतंस. तू जोडलेले पाइप सोडवलेस, हीटरला परत लावलेस, स्वच्छ पाणी भरलंस. "ह्या गाडीत एकच गोष्ट चांगली राहिलीय, हीटर. ह्यांनी त्याला पाणीच दाखवलं नाय, म्हणून गाळ नाय. आता गाडी रत्नागिरीला न्यायची तर हीटर पूर्ण उघडा, पंखा पूर्ण, एसी बंद. हळू चालवायची. हीटर बंद केलात की काटा चढला. दर्शनशेठ, बसा. तुमचे बोल्ट, तुमी चालवा."

"या उन्हात?"

"कोंबडी घालते स्वेटर, तर कोंबडा घालेल," मी म्हटलं. विमलाला मी माझ्या गाडीत, एसीत, पुढे बसवलं.

मे महिन्याची भर दुपार, पुढे दर्शन, मागे आपण. काचा उघड्या ठेवायला तू त्याला सांगितलंस. मी सांगितलं नसतं. दोनदा त्याने चोरून हीटर बंद केला, दोनदा गाडी कडेला थांबली, दोनदा तू हॉर्न दिलास आणि तो पुन्हा चालू लागला. तू गाडी चालवत होतास आणि गुणगुणत होतास. तुझा आवाज भयंकर आहे, पण त्या दिवशी मी ऐकून घेतला.

पालीला चहाच्या टपरीसमोर तो थांबला. उतरला तेव्हा कपडे पिळून काढावेत असे, तोंड रातांब्यासारखं लाल, पायाची नडगी चोळत होता. टपरीवर मिरजोळ्याचे चार ओळखीचे बसलेले. विमलाने आपल्या गाडीची काच खाली केली, पाण्याची बाटली बाहेर धरली आणि तिच्या त्या आवाजात, ज्याला दवंडी लागत नाही, विचारलं, "काय हो, नीट उकडलात ना?"

 मग तिने सगळं सांगितलं, तिथेच, काचेतून. पाइप, झाकण, विहीर, लग्न, बोल्ट. कोणीतरी म्हणालं, "म्हणजे उकड्या ह्यो खरा." आणि हसले. तेच लोक, बाकड्यावरचे.

नाव असं उतरलं. तुझ्या अंगावरून निघालं आणि त्याच्या अंगावर बसलं. पुढच्या आठवड्यात तुझ्या पत्र्याखाली गाड्या मावेनात. विमलाची गाडी सगळ्यांत पुढे, नवा रेडिएटर, नवं झाकण. ती तुला फारुकभाई म्हणायला लागली, जसं काही जन्मापासून म्हणत होती.

आणि सगळं नीट बसल्यावर तू केळशीला निघालास. वडिलांच्या घराला लागून गॅरेज, समोर बोटी. "आता गेलो तरी कोण पळाला म्हणणार नाय," म्हणालास. मी अडवलं नाही. चांगला मेकॅनिक गेला म्हणून चिडले, एवढंच.

सामान टेंपोत चढत असताना तू मला बाजूला घेतलंस. दर्शन आदल्या दिवशी तुझ्याकडे आला होता. बसलाही नाही म्हणे. त्याची मुलगी सानवी, तिला कॉलेजात उकड्याची म्हणतात. ती जायची बंद झाली आहे.

"काकी, एकदा संगमेश्वरला जाऊन विमलाताईंना सांगा, तां नाव सोडा आता. त्यांनी सोडलं की तालुका सोडेल. फोनवर नको. फोनवर त्या ऐकायच्या आधी बोलतात. समोर बसून सांगा."

मी म्हटलं, "जाईन."

गेले होते, फारुक. मागच्या रविवारी. विमलाने फणसाची भाजी केली होती, आंबोळ्या होत्या, ती समोर बसली होती. तू सांगितलंस तसं सगळं जुळून आलं होतं. तिने विचारलं, "वहिनी, आता गाडी कुठे दाखवता? उकड्याकडे तर नाही ना नेत?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर पोट धरून हसली.

वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मग मला इशरत आठवली, ती दोन वर्षं दुकानातून सामान घेऊन खाली मान घालून येताना. तेव्हा दर्शन कुणाकडे गेला होता निरोप घेऊन?

मी विमलाला म्हटलं, भाजी छान झाली आहे, आणि आणखी वाढून घेतली.